उपाशीपोटी

पहाटे पावणेसहाला बॅग खांद्यावर.
बर्फाच्या पिशव्या, सुया, कापूस,
जांभळ्या झाकणाच्या नळ्या, करड्या झाकणाच्या नळ्या.
काळाचौकी, लालबाग, शिवडी
एवढं माझं राज्य.

चहा न झालेलं माणूस कसं दिसतं
ते मला विचारा.
रात्रीपासून पोटात पाण्याखेरीज काही नाही,
ओट्यावर भांडं मांडलेलं,
गवती चहाची पात कापून ठेवलेली
आणि सगळ्या घराचा डोळा माझ्या सुईवर.
शीर सापडली, नळी भरली
की आधी गॅस पेटल्याचा आवाज येतो,
मग "दुखलं नाही हं" वगैरे.

सगळे विचारतात, घोटभर घेणार का?
मी बरेच घेतलेत, खोटं कशाला बोलू.
घसा सोलून काढणारा आल्याचा घेतलाय.
शहाबेनचा, वेलची मोजून दोन.
एका घरी इतकं दूध की पिऊन झोपच आली,
पुढच्या घरी लेबल उलटं चिकटवलं.
लॅबच्या जिन्यातल्या मशीनचा?
तो चहा नव्हे, सरकारी खुलासा.
आणि घरचा मी उभ्यानं पिते,
त्याची चव मला वीस वर्षांत कळलेली नाही.

सापळ्यांना आदल्या संध्याकाळी
वेळ ठरवायला फोन केला,
तर तेच विचारू लागले, "साखर किती?"
म्हटलं, ते उद्या रिपोर्टात कळेल.
"माझी नाही हो. तुमच्या चहात."

तिसरा मजला, लिफ्ट नाही.
बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस,
मुलगा मस्कतहून पैसे भरणारा,
दर मंगळवारी उपाशीपोटीची तपासणी.
टेबलावर दोन कप आधीच भरलेले,
त्यांवर बश्या उपड्या घातलेल्या.
"तुम्ही यायच्या आतच करून ठेवला.
नंतर कापूस दाबून धरायचा
की सांडशी धरायची?"

रक्त घेतलं. बशी उचलली.
आतून तिला घाम फुटलेला
आणि चहावर साय, जाड, सुरकुतलेली.
कोमट. जास्त उकळून किंचित तुरट.
एरवी मी साय बोटानं काढून टाकते.
त्या दिवशी नाही काढली.
का, ते माहीत नाही.
बसून प्यायले एवढं आठवतं,
आणि खाली कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं.

त्या घरात साखरेला बंदी.
डबा आणलेला तो माझ्यापुरता,
आठवड्याला दीड चमचा.
मुंग्यांना मात्र रोज कळायचं.

असा माझा रोजचा चहा
मला मंगळवारीच मिळायचा.
आम्ही फार बोललो असंही नाही.
एकदा म्हणाले, वरून जहाजं काड्यापेटीएवढी दिसायची,
माणसं दिसायचीच नाहीत, बरं होतं.
एकदा मी म्हटलं, माझ्या सासूच्या शिरा
तुमच्यापेक्षा चांगल्या होत्या.
हसले. कप विसळायला मला कधी दिले नाहीत.

दिवाळीनंतर लॅबनं माझी लाइन बदलली.
आता चेंबूर. तिथे लिफ्ट आहेत,
चहासुद्धा वाईट नाहीत.

घरी करून पाहिला.
पावडर तीच, उकळी जास्त,
बशी उपडी घालून घड्याळ लावलं.
ह्यांनी बशी उचलून पाहिली,
"अगं, गार होतोय."
"होऊ दे," म्हटलं.
साय आली. तेवढीच आली.

शिवडीला आता इम्तियाज जातो.
परवा बॅगा भरताना म्हणाला,
"ताई, तो म्हातारा दर वेळी चहा विचारतो.
मी नको म्हणतो, सात घरं बाकी असतात."
मग झाकणं मोजता मोजता,
"आणि एक गंमत सांगू?
स्वतःला शुगर, पण घरात साखरेचा डबा आहे.
ताटलीत पाणी घालून
मधोमध ठेवलाय."

मी त्याच्या हातातली नळी काढून घेतली.
"मंगळवारी सहाच घरं घे," म्हटलं,
"सातवं मी करते, चेंबूरला जायच्या आधी.
तिसरा मजला."